चौतिसाव्या वर्षी खुबा बदलावा का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं कमी करून देते:

"वय ३४. नऊ वर्षांपूर्वी ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) निघाला, तो किडनीवर आला होता. तेव्हा सलाईनमधून स्टेरॉइड दिली, नंतर बरेच महिने मोठ्या डोसच्या गोळ्या. किडनी वाचली. आता स्टेरॉइडची पाचची गोळी, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणि मायकोफेनोलेट या ल्युपसच्या गोळ्या चालू आहेत. गेलं दीड वर्ष उजव्या जांघेत दुखतंय, आता लंगडते, रात्री कूस बदलता येत नाही. एमआरआयमध्ये दोन्हीकडे एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) निघाला. उजवा बॉल (खुब्यातलं मांडीच्या हाडाचं गोल टोक) खचून बसलाय, डावा अजून गोल आहे आणि दुखत नाही. सर्जन म्हणतात उजवा खुबा बदला. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान वयात नको, पन्नाशीपर्यंत कळ काढ. मालक म्हणतात, या गोळ्यांनीच वाट लावली, आधी त्या बंद कर. शेजारच्यांनी जडीबुटीची पावडर आणून दिली आहे. आमची द्राक्षबाग आहे, एक मुलगी आहे, दुसरं मूल हवं होतं. ल्युपसवाल्यांचा बदललेला खुबा टिकतो का? मला ऑपरेशन झेपेल का?"

ताई, आधी टिकण्याबद्दल सांगते, कारण घरातला वाद तिथंच अडला आहे. ल्युपसच्या बाईचा बदललेला खुबा टिकतो. आजच्या पद्धतीनं, सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांचे जे अहवाल आहेत, त्यांतल्या बहुतेकांत दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊच्या आसपास सांधे जागेवर आहेत. दुखणं कमी होणं, चालता येणं, जिने चढता येणं, यांत ल्युपसचे रुग्ण इतरांपेक्षा फारसे मागे राहत नाहीत. १९७०-८० च्या दशकांत चित्र वेगळं होतं. एव्हीएनसाठी बसवलेले सांधे तेव्हा लवकर सैल व्हायचे, आणि "तरुण माणसाचा खुबा बदलू नये" हा समज तेव्हाचाच आहे. सासूबाईंच्या कानावर तो कुठून आला असेल ते मला कळतं. तो समज खोटा नव्हता, आता जुना झाला आहे.

बदललेला खुबा पंधरा वर्षांत खराब होईल अशी भीती अनेकांना असते, तीही मोजून बघू. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात खुबा बदललेल्या लाखो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला गेला. १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे टिकलेले होते. यातले बहुतेक रुग्ण झिजेचा संधिवात असलेले वयस्क लोक होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होत नाहीत. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त वाकतो, त्याचा सांधा जास्त झिजतो. पण दुसरी बाजूही आहे. पंचवीस वर्षांचा हिशेब लागतो तो पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेल्या सांध्यांचा, आणि तेव्हाचं प्लॅस्टिक आजच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजायचं. आज तरुण रुग्णाला बहुधा सिरॅमिकचा बॉल आणि सुधारित प्लॅस्टिकची वाटी बसवतात. एवढं सगळं धरूनही मी तुम्हाला असं सांगणार नाही की हा आयुष्यभर पुरेल. चौतिसाव्या वर्षी बदललेला खुबा पुढे एकदा परत बदलावा लागण्याची शक्यता खरीच आहे. ती मनाशी धरूनच निर्णय घ्यायचा.

मग पन्नाशीपर्यंत का थांबू नये? बॉल बसला आहे म्हणून. तो बसायच्या आधी थांबण्यात अर्थ होता, आणि तेव्हा इतर उपायही होते. बसलेला बॉल परत गोल होत नाही. थांबलात तर मांडीचे स्नायू वाळतात, पाय आखूड पडतो, कंबर वाकडी चालून धरते आणि सगळा भार चांगल्या पायावर जातो. तुमच्या बाबतीत तो "चांगला" पायही एव्हीएनचाच आहे, हे विसरू नका. सोळा वर्षं लंगडत, वेदनेच्या गोळ्या खात काढायची आणि मग वाळलेल्या पायात सांधा बसवायचा, हा सौदा मला पटत नाही. बॉल बसूनही ज्यांना दुखत नाही, झोप लागते, घरची कामं होतात, त्यांना मी खुशाल थांबा म्हणते. तुम्ही लिहिलंय की कूस बदलता येत नाही. तुमची वेळ आली आहे.

आता मालकांच्या रागाकडे येते. त्यांचं निदान चुकलेलं नाही. ल्युपसमधला एव्हीएन बहुतेक वेळा मोठ्या डोसच्या स्टेरॉइडशी जोडलेला असतो. स्वतः ल्युपसही रक्तवाहिन्यांना त्रास देतो, पण मुख्य वाटा औषधाचा. खुब्याच्या बॉलला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या. त्या बंद पडल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो. मेलेलं हाड लगेच दुखत नाही, एक्स-रेमध्येही दिसत नाही. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडचे रस्ते आठवा: वरचं डांबर जागेवर, खालची माती वाहून गेलेली, आणि उसाची पहिली भरलेली ट्रॉली गेली की रस्ता खचायचा. बॉलचं तसंच होतं. नुकसान बहुतेकदा मोठा डोस सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत होऊन जातं, आणि दुखायला लागतं ते कधी कधी कैक वर्षांनी.

म्हणजेच आज पाचची गोळी बंद करून ते हाड जिवंत होणार नाही. झालंच तर दोन वाईट गोष्टी होतील. इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. गोळी अचानक थांबली तर बीपी एकदम खाली येतं, उलट्या होतात, माणूस गळून पडतो, जिवावरही बेतू शकतं. आणि ल्युपस उसळला, पुन्हा किडनीवर आला, तर परत मोठा डोस द्यावा लागेल, म्हणजे ज्याच्यावर राग आहे तेच दुप्पट पदरात येईल. नऊ वर्षांपूर्वी त्या औषधानं तुमची किडनी वाचवली. त्याची किंमत खुब्यानं दिली. हे दुःख खरं आहे, मालकांनी ते बोलून दाखवलं यात वाईट काही नाही. पण रोजचा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोस हेच आज जगभरचे तज्ज्ञ ल्युपसमध्ये गाठायला सांगतात, आणि तुम्ही तिथं पोचलेल्या आहात. याच्या खाली यायचं तर ते संधिवाततज्ज्ञांच्या हातानं, हळूहळू.

ती पावडर मात्र आजच फेकून द्या. सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. दोन दिवसांत गुण येतो तो त्यामुळेच. डोस किती ते कुणालाच माहीत नाही, आणि ऑपरेशनच्या तोंडावर भूलतज्ज्ञाला तर ते कळायलाच हवं. घेतली असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही मेडिकलमधून परस्पर आणू नका. तुमच्या किडनीला त्या परवडणाऱ्या नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिलेल्या मापात.

ऑपरेशन झेपेल का, हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. कारण ल्युपसच्या रुग्णाचं ऑपरेशन बिघडतं ते क्वचितच सांध्याच्या कंपनीमुळे. या रुग्णांत जखम चिघळणं, जंतुसंसर्ग, रक्त द्यावं लागणं, सांधा निखळणं, पायाच्या शिरेत गुठळी होणं, हे सगळं इतरांपेक्षा थोडं जास्त घडतं. दवाखान्यातले दिवसही थोडे वाढतात. यातलं बरंचसं कमी करता येतं, पण ते ऑपरेशनच्या दिवशी कमी होत नाही. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत होतं. घरात चर्चा चालली आहे ती वयाची आणि गोळ्यांची. मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं: माझा ल्युपस आत्ता शांत आहे का, आणि माझे सर्जन व माझे संधिवाततज्ज्ञ एकमेकांशी बोलले आहेत का?

आपल्याकडे अडचण अशी होते की हाडांचे डॉक्टर सांगलीत किंवा मिरजेत असतात, ल्युपसचे डॉक्टर पुण्याला किंवा कोल्हापूरला, आणि दोघांमध्ये दुवा म्हणजे पेशंटच्या पिशवीतली फाईल. मिरजेला मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं, ऑपरेशनसाठी लांबून लोक येत आले. खुबा बदलण्याचं कसब इथं आहे. कमी पडतो तो हा दुवा. तो तुम्ही जोडा. संधिवाततज्ज्ञांकडून एक पत्र लिहून घ्या, त्यात तीन गोष्टी हव्यात: रोग आत्ता किती शांत आहे, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर कुठली गोळी चालू व कुठली बंद, आणि काही बिघडलं तर फोन कुणाला. ते पत्र सर्जनच्या आणि भूलतज्ज्ञाच्या हातात स्वतः द्या.

गोळ्यांबाबत साधारण दिशा काय असते ते सांगते, म्हणजे बोलणं सोपं जाईल. २०२२ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि खुबा-गुडघा बदलणाऱ्या सर्जनांच्या संघटनांनी मिळून सूचना काढल्या. स्टेरॉइडचा रोजचा जो डोस असेल तोच ऑपरेशनच्या दिवशीही द्यावा, पूर्वीसारखा मोठा जादा डोस सरसकट देऊ नये, असं त्यात आहे. एचसीक्यू बंद करायची नाही. मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या सौम्य ल्युपसमध्ये आठवडाभर आधी थांबवतात आणि जखम भरत असल्याचं पाहून, साधारण दोन आठवड्यांनी, परत सुरू करतात. पण किडनीसारख्या अवयवावरच्या गंभीर ल्युपससाठी ती चालू असेल तर सहसा तशीच चालू ठेवतात, कारण तिथं रोग उसळण्याचा धोका मोठा. तुम्ही कोणत्या गटात बसता ते तुमची लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तातले सी-३, सी-४ (ल्युपस किती शांत आहे ते सांगणारे घटक) पाहून तुमचे तज्ज्ञ ठरवतील. घरातल्या कुणी किंवा वॉर्डातल्या ज्युनिअरनं ते परस्पर ठरवू नये.

एक तपासणी हट्टानं करून घ्या, ती म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांत या असतात आणि त्यांच्यामुळे रक्तात गुठळ्या होतात. गंमत बघा, यातल्या एका प्रकारात रक्त गोठण्याची एपीटीटी ही चाचणी लांबलेली येते. ल्युपस माहीत नसलेला माणूस रिपोर्ट बघून म्हणेल, या बाईला रक्तस्राव होईल. प्रत्यक्षात धोका उलटा असतो. अँटिबॉडी सापडल्या तर रक्त पातळ ठेवण्याचं नियोजन आधीच करावं लागतं. पूर्वी कधी गर्भपात झाला असेल किंवा पाय अचानक सुजला असेल तर तेही सांगा.

बाकीची तयारी साधी आहे पण लोक ती टाळतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर वाढवून घ्या, स्टेरॉइडमुळे साखर चढलेली नाही ना ते बघा, व्हिटॅमिन डी तपासा. ल्युपसमध्ये ऊन टाळायचं असतं, त्यामुळे बागेत राबणाऱ्या घरातल्या बाईचंही ते कमी निघतं. किडलेली दाढ, लघवीची जळजळ, अंगावरचं गळू, पायाच्या बोटांतली चिखली, यातलं काहीही ऑपरेशनच्या आधी पूर्ण बरं झालेलं हवं. तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात, आणि संसर्ग झालेला सांधा साफ करणं हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा फार मोठं काम आहे. गेल्या तीन महिन्यांत कुणी खुब्यात इंजेक्शन दिलं असेल तर सर्जनना सांगा, तारीख पुढे ढकलावी लागेल.

डाव्या खुब्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला त्याचीच काळजी जास्त वाटते. दुखत नाही म्हणून तो सोडून देऊ नका. मेलेला भाग किती मोठा आहे आणि वजन पेलणाऱ्या जागी आहे का, हे एमआरआयवरून सर्जनना नेमकं विचारा. भाग लहान आणि बाजूला असेल तर नुसती नजर ठेवून भागतं. मोठा असेल आणि बॉल अजून गोल असेल, तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं. त्याला कोअर डीकंप्रेशन म्हणतात, आणि त्याचा उपयोग बॉल बसायच्या आधीच असतो. यात एक गुंता आहे: भोक पाडलेल्या पायावर काही आठवडे पूर्ण भार टाकायचा नसतो, आणि उजव्या बाजूला नवा सांधा बसवला की काही काळ डाव्या पायाचाच आधार लागतो. म्हणून आधी कुठला, मध्ये किती दिवस, की एकाच भुलीत दोन्ही, हे उजव्याची तारीख घ्यायच्या आधी ठरलं पाहिजे. गुडघा किंवा खांदा दुखत असेल तर तोही दाखवा, एव्हीएन तिथंही होतो.

तारखेचं म्हणाल तर हे काही आज-उद्याच करायचं ऑपरेशन नाही. द्राक्षं उतरून बेदाणा होईपर्यंत थांबायचं असेल तर तेवढे आठवडे ल्युपस शांत ठेवण्यात आणि वरच्या तयारीत घालवा, ते वाया जाणार नाहीत. एप्रिलची छाटणी मालक मजूर लावून करून घेतील. तुम्ही मात्र त्या काळात क्रेट उचलू नका आणि काठी धरा, डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला.

ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पहिले सहा आठवडे नियम कडक: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय पायावर टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. तेव्हा दवाखान्यात जायच्या आधीच घरी कमोडची सोय करा. कायमचा बसवणं जमत नसेल तर भोकाची खुर्ची मिळते. पलंग, उंच खुर्ची आणि ओट्याशी उभ्यानं होणारा स्वयंपाक. पंगतीत, हळदीकुंकवाला जमिनीवर पुढे कधी बसता येईल का, हे सांध्याच्या प्रकारावर आणि सर्जननी कुठल्या बाजूनं सांधा बसवला त्यावर ठरतं. काही जण नंतर मांडीची परवानगी देतात, काही कधीच देत नाहीत. बाईला आमच्याकडे रोज जमिनीवर बसावं लागतं हे सर्जनना ऑपरेशनच्या आधी मोकळेपणानं सांगा. बागेत चालायला, उभ्यानं करायच्या कामाला हरकत येत नाही. ओझी आणि उड्या कायमच्या बंद.

एक जपायचं. स्टेरॉइडवरच्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप फारसा येत नाही. जखम ओलसर राहिली, लाल झाली, कमी झालेलं दुखणं परत वाढलं, तर गावात अँटिबायोटिक सुरू न करता थेट सर्जनकडे जा. आधीच औषध पडलं तर जंतू कोणता ते कळत नाही. आणि सल्फाच्या गोळ्या ल्युपसमध्ये बऱ्याच जणींना बाधतात, कुणी लिहून दिल्या तर आपला आजार आठवणीनं सांगा.

दुसरं मूल विसरायचं काही कारण नाही. बदललेल्या खुब्यासह दिवस राहतात आणि नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं. अडचण गोळीची आहे: मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ती किमान सहा आठवडे आधी बंद करून तिच्या जागी चालणारी दुसरी गोळी सुरू करावी लागते, आणि त्या बदलासह ल्युपस सहा महिने तरी शांत राहिलेला हवा. एचसीक्यू गरोदरपणातही चालू ठेवतात. म्हणून आधी खुबा, मग गोळीबदल, मग मूल, असा क्रम तज्ज्ञांशी बोलून लावा, आणि तोवर दिवस राहू नयेत याची काळजी घ्या.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो मनात असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. तुमचं ऑपरेशन त्यात कसं बसतं आणि कुठला सांधा मिळतो, हे योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, बिल भरून मागून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. आणि सर्जनना भेटायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या. दोन्ही खुब्यांची फिल्म त्यांच्यासमोर लावायला सांगा, आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या.